महू ते कोलंबिया : मानववंशशास्त्राचे विद्यार्थी बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखा महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. महाडच्या सत्याग्रहाची २० मार्च आणि नागपूरच्या धम्मदीक्षेची १४ ऑक्टोबर याही तारखा अनेकांच्या स्मरणात असतात. ९ मे १९१६ ही तारीख मात्र सहसा कोणाला आठवत नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढे चाळीस वर्षे या विद्यार्थ्याने जे लिहिले, जे लढे दिले, जे कायदे घडविले, त्यांतील बऱ्याच गोष्टींची बीजे त्या निबंधात सापडतात.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, कायदेपंडित होते, राज्यघटनेचे शिल्पकार होते, हे सर्वज्ञात आहे. मानववंशशास्त्राची पदवी त्यांनी घेतली नव्हती आणि या विषयाची नोकरीही कधी केली नाही. तरीही माणसांचे समूह कसे बनतात, ते एकमेकांपासून कसे तुटतात आणि तुटलेपण पिढ्यान् पिढ्या कसे टिकते, हे पाहण्याची जी दृष्टी या शास्त्राने दिली, ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. एखाद्या विद्याशाखेचा माणसाच्या जीवनकार्यावर केवढा परिणाम होऊ शकतो, याचे मराठी मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणून या चरित्राकडे पाहता येते.

महूची छावणी

या चरित्राचा आरंभ इंदूरजवळ होतो. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. मल्हारराव आणि अहिल्यादेवी यांच्यामुळे माळव्याच्या या भागात मराठी भाषा आणि मराठी कुटुंबे स्थिरावली. १८१७च्या अखेरीस महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि १८१८च्या मंदसौर तहानंतर इंदूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर महू येथे इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली. या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाईंचे माहेरही लष्करी पेशातले होते. सकपाळ कुटुंब मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. भीमराव हे या दांपत्याचे चौदावे अपत्य.

लष्कराने महार समाजाला एक महत्त्वाची गोष्ट दिली होती, ती म्हणजे शिक्षण. पलटणीतील शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, त्यांच्या घरात छावणीमुळे पुस्तक आले. रामजी स्वतः कबीरपंथी आणि वाचनाचे व्यसन असलेले गृहस्थ होते. मुलांच्या अभ्यासावर त्यांची करडी नजर असे.

परंतु भीमराव पाळण्यात असतानाच हा दरवाजा बंद होऊ लागला. १८९०च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने महारांची लष्करातील भरती थांबविली. त्यामागे त्या काळात बळावलेली एक कल्पना होती. काही जाती जन्मतःच लढवय्या असतात आणि काही नसतात, असे इंग्रज अधिकारी मानू लागले होते. माणसांच्या जाती, वंश, शरीरयष्टी आणि स्वभाव यांची कोष्टके मांडणाऱ्या तत्कालीन वंशविद्येचा या कल्पनेला आधार होता. शिवकाळापासून शस्त्र धरलेल्या आणि इंग्रजांच्याच फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या एका समाजाला अशा कोष्टकाने एका फटक्यात अपात्र ठरविले. ज्या शास्त्राच्या नावाने हा अन्याय झाला, त्याच शास्त्राच्या वर्गात सुभेदारांचा हा मुलगा पुढे जाऊन बसणार होता.

साताऱ्याचे धडे

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. छावणीबाहेरच्या समाजाची ओळख भीमरावांना येथे पटली. शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यायचे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. गावातला न्हावी केस कापत नसे, म्हणून घरी थोरल्या बहिणी केस कापीत.

१९०१च्या सुमारास घडलेला मसूर स्थानकावरचा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ही मुले नवे कपडे घालून मसूरला उतरली. स्टेशनमास्तरांनी प्रथम आपुलकीने चौकशी केली; जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले गाडीत घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर. रात्रभर जवळ अन्न असूनही पाणी मिळाले नाही. जात म्हणजे केवळ मनातली कल्पना नसून पाणी, वाट, वाहन आणि वस्त्रा यांचे नियम घालून देणारी यंत्रणा आहे, हे त्या मुलाला दहाव्या वर्षी कळले. त्याला शास्त्रीय भाषा लाभायला आणखी पंधरा वर्षे जायची होती.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या वेळी गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९१२ साली बी. ए. झाल्यावर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर, जुलै १९१३मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबियातील चार अभ्यासक्रम

कोलंबियात भीमरावांनी ज्या भुकेने अभ्यास केला, त्याची साक्ष विद्यापीठाच्या नोंदी देतात. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, फ्रँकलिन गिडिंग्ज यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. या यादीत मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम संख्येने थोडे दिसतात. पण ते ज्या विभागात झाले, तो विभाग त्या वेळी साऱ्या शास्त्राची दिशा बदलत होता.

कोलंबियातील मानववंशशास्त्र विभागाची उभारणी फ्रान्झ बोआस यांनी केली होती. १९११ साली त्यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या आणि त्यांच्या मुलांच्या डोक्यांची मापे प्रसिद्ध केली. एकाच कुटुंबातील अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा बदललेला आढळला. वंशाची न बदलणारी खूण म्हणून जे मोजले जात होते, ते परिस्थितीनुसार बदलते, असा त्याचा अर्थ होता. माणसामाणसांतील भेद रक्तातून आलेले नसून इतिहास, रूढी आणि परिस्थिती यांतून आलेले आहेत, हा या विभागाचा मुख्य विचार होता.

भारतात त्या वेळी नेमकी उलट दिशा प्रबळ होती. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांच्या मापांवरून जातींची उतरंड मांडली होती. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे त्यांचे सूत्र होते. जात म्हणजे वंश, हा समज त्यामुळे सरकारी दप्तरात आणि सुशिक्षितांच्या डोक्यात पक्का बसला होता.

बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर हे कोलंबियात चर्चासत्र घेत असत. कीव्ह येथे जन्मलेल्या या अभ्यासकाने १९१० साली कुलचिन्हांच्या प्रथेवर डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्याच चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांच्या आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या तपासल्या. केतकर हे पुढे मराठी ज्ञानकोशाचे जनक झाले. अमेरिकेतच शिकत असताना त्यांनी जातिसंस्थेवर ग्रंथ लिहिला होता. जातीच्या आतून आलेल्या या अभ्यासकाच्या मोकळ्या दृष्टीचे भीमरावांनी कौतुक केले आणि त्यांच्या व्याख्येतील उणीवही दाखविली.

निबंधाचा गाभा साधा आहे. भारतातील समाज सगोत्र विवाह टाळणारा, म्हणजे गटाबाहेर लग्न करणारा होता. अशा समाजावर जेव्हा गटाच्या आतच लग्न करण्याचा नियम लादला गेला, तेव्हा जात निर्माण झाली. शिवाशिव, व्यवसाय, रोटीबंदी या गोष्टी नंतरच्या. मूळ गोष्ट बेटीबंदी. मग प्रश्न असा येतो, की गट बंद केल्यावर तो बंद राहतो कसा? गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली, तरच सर्वांची लग्ने आत होऊ शकतात. नवरा मेला की एक स्त्री अधिक उरते. बायको मेली की एक पुरुष अधिक उरतो. ही अधिक उरलेली स्त्री गटाबाहेर लग्न करील किंवा गटातील कुमारिकेचा जोडीदार घेईल, ही भीती. तिच्यावर उपाय म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य आले. अधिक उरलेल्या पुरुषाला मात्र गटाला जाळता येत नव्हते. त्याच्यासाठी खालच्या वयाची मुलगी शोधली गेली आणि बालविवाह आला. ज्या तीन प्रथांवर शतकभर समाजसुधारक स्वतंत्रपणे लढत होते, त्या एकाच कुलुपाच्या तीन किल्ल्या आहेत, हे या तरुणाने दाखवून दिले.

जात एका मनूने निर्माण केली, हे मत त्यांनी नाकारले. मनूने चालत आलेल्या रूढीला शास्त्राचे रूप दिले. एवढी मोठी रचना एका माणसाला लादता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एका वर्गाने आपले दार लावून घेतले, इतरांनी अनुकरण केले, आणि काहींना दारे बंद झालेली आढळली, असा त्यांचा सिद्धान्त होता. वर्ण म्हणजे रंग आणि रंग म्हणजे वंश, हे समीकरणही त्यांनी स्वीकारले नाही. आपले विवेचन चुकीचे ठरल्यास ते सोडून देण्याची तयारीही त्यांनी निबंधाच्या शेवटी दाखविली. मे १९१७मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

शास्त्र आणि अनुभव यांची गाठ

हा निबंध छापून आला त्याच वर्षी त्याचा लेखक बडोद्यात राहायला जागा शोधत फिरत होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून ते परतले होते. जमविलेली ग्रंथसंपदा ज्या बोटीने यायची, ती युद्धात बुडाली. सप्टेंबर १९१७मध्ये करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता, म्हणून पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच ओळख उघडी पडली. काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामान उचलावे लागले. कोलंबियाची पदवी, लंडनचा प्रवेश, इंग्रजी नियतकालिकात छापलेला निबंध, यांपैकी कशानेही त्यांना शहरात एक खोली मिळवून दिली नाही. शहरातील उद्यानात एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईला परतले.

अभ्यासक आणि अभ्यासविषय सहसा वेगळे असतात. मानववंशशास्त्रज्ञ दूरच्या जमातीत जातो, टिपणे घेतो आणि घरी परततो. बाबासाहेबांना परतण्यासाठी असे सुरक्षित घर नव्हते. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली पाहणीचे काम करून परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील महार वस्तीतील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्थानकावर बराच वेळ खोळंबा झाला, मग टांगा आला. वाटेत पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. चौकशीनंतर कळले, की महाराला टांग्यातून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला होता. पाहुण्याला पायी चालवणे वस्तीला अपमानास्पद वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधीच टांगा न हाकलेला आपल्यातलाच एक माणूस चालवायला बसविला. बहिष्काराची पाहणी करणारा सरकारी सदस्य स्वतःच बहिष्काराचा नमुना ठरला. मसूरच्या बैलगाडीपासून चाळीसगावच्या टांग्यापर्यंत जवळजवळ तीन दशके गेली होती आणि नियम तोच होता.

निबंधातून लढ्याकडे

लंडनहून एम. एस्‌सी., डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी सहकाऱ्यांसह प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेत स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून देण्यास सांगितले. जात अंगावर वागविली जाते आणि ती टिकवण्याचा भार स्त्रीच्या माथी असतो, हे ज्याने १९१६ साली मांडले होते, त्याच्या तोंडी हा सल्ला स्वाभाविक होता. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असे म्हणत १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. रूढी सनातन नसते, तिला आरंभ असतो, हाच निबंधाचा मुद्दा न्यायालयात वेगळ्या वाटेने मान्य झाला.

बेटीबंदी हे जातीचे मूळ असेल, तर आंतरजातीय विवाह हा तिच्यावरचा खरा उपाय ठरतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने ऐकून घेण्याचे नाकारलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात बाबासाहेबांनी हीच भूमिका घेतली. मात्र केवळ लग्ने जुळवून भागणार नाही, ज्या धर्मशास्त्रांमुळे लोकांना असे लग्न पाप वाटते त्यांचे प्रामाण्य मोडावे लागेल, हे त्यांनी त्यात जोडले. वंशशुद्धीचा युक्तिवादही त्यांनी येथे खोडून काढला. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील अस्पृश्य यांचा वंश एक आहे, भेद आहे तो समाजाने केलेला, हे त्यांनी ठासून सांगितले.

या बाबतीत इंदूरचे नाव पुन्हा येते. बाबासाहेबांना आरंभी मोठे पाठबळ देणारे राजर्षी शाहू महाराज मराठा-धनगर विवाहांचे पुरस्कर्ते होते. त्यातूनच कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांचा विवाह १९२४ साली इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्याशी झाला. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, तेव्हा तिला आधी हिंदू करून शर्मिष्ठादेवी हे नाव देण्यात आले आणि धनगर समाजात सामावून घेण्यात आले. परदेशी वधूलाही एखाद्या जातीत जागा द्यावी लागली. नुसते हिंदू होता येत नाही, कोणत्या तरी जातीचेच व्हावे लागते, हे बाबासाहेबांचे निरीक्षण त्यांच्या जन्मगावाशेजारच्या राजवाड्यात असे खरे ठरले.

नाकांची मापे उलटी फिरली

पुढील काळात बाबासाहेबांनी मानववंशशास्त्राकडे पुन्हा ग्रंथरूपाने वळून पाहिले. १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ आणि १९४८ साली ‘दि अनटचेबल्स’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण काम केले. मालवणात जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी शरीरमापनाची आकडेवारी एकत्र केली होती. ज्या नाकांच्या मापांवर रिस्ले यांनी उतरंड उभी केली, तीच मापे प्रांतवार लावून बाबासाहेबांनी दाखविले, की एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांत वंशभेद ठरावा असा फरक नाही. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य ठरतात. एका शास्त्राने केलेला अन्याय त्याच शास्त्राच्या साधनांनी त्यांनी दूर केला.

अस्पृश्यतेच्या उगमाबद्दल त्यांनी एक सिद्धान्तही मांडला. टोळ्यांच्या युद्धांत पराभूत होऊन विखुरलेली माणसे गावाच्या वेशीबाहेर राखणदार म्हणून वसली. पुढे बौद्ध धर्माशी निष्ठा आणि मृत गाईचे मांस खाणे यांमुळे ती अस्पृश्य ठरली. आयर्लंड आणि वेल्सच्या प्राचीन समाजातही गावाबाहेर राहणारे असे परके गट होते, पण तेथे ते काळाच्या ओघात मिसळून गेले. भारतातच का मिसळले नाहीत, असा तुलनेचा प्रश्न त्यांनी विचारला. हा सिद्धान्त पुराव्याअभावी अनेक विद्वानांनी स्वीकारलेला नाही. तुटक धाग्यांवरून तर्काने चित्र पुरे करावे लागले, हे बाबासाहेबांनीही लपविले नव्हते. आदिवासींच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी आपल्या काळाच्या चौकटीत राहिली. १९४५च्या प्रतिनिधित्वाच्या योजनेत त्यांनी आदिवासींना वेगळे स्थान दिले नव्हते, कारण त्यांच्यात राजकीय जाणीव पुरेशी विकसित झालेली नाही असे त्यांना वाटत होते. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांनी हक्कांसाठी दिलेला दीर्घ लढा पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला ही मर्यादा जाणवल्याशिवाय राहणार नाही.

लष्करभरतीचा जुना घावही याच दशकात भरून निघाला. १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीत असताना बाबासाहेबांनी महारांच्या पलटणीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदारांच्या घरावर बंद झालेला दरवाजा पन्नास वर्षांनी मुलाने उघडला.

कायदा, घर आणि धम्म

ऑगस्ट १९४७मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी गटाच्या आतल्या विवाहाचा आणि स्त्रीच्या पारतंत्र्याचा प्रश्न उरलाच होता. हिंदू कोड बिल हे त्याचे उत्तर होते. जातिनिरपेक्ष विवाह, घटस्फोट, एकपत्नीत्व, मुलीला वारसा हे त्यातील विषय पाहिले, की ९ मे १९१६चा निबंध आठवतो. जी बंधने जातीचे कुलूप घट्ट करतात असे विद्यार्थ्याने दाखविले होते, तीच कायदेमंत्री होऊन तो सैल करू पाहत होता. विरोधापुढे विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १९५५ आणि १९५६ साली त्यातील बरेचसे भाग वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले.

घरातही त्यांनी हेच आचरले. रमाबाईंच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्या सारस्वत कुटुंबातल्या होत्या. या विवाहावर दोन्हीकडून टीका झाली. अनुयायांतही अस्वस्थता पसरली. बेटीबंदीची भिंत किती खोल रोवली आहे, याचा प्रत्यय सिद्धान्तकारालाच पुन्हा आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बंद दाराच्या आत जागा मागण्याऐवजी नवे घर बांधण्याचा हा निर्णय होता. अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. तेथे जन्मभूमीचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाचे सामाजिक शास्त्रांचे विद्यापीठही आहे. एखादा विद्यार्थी मानववंशशास्त्र किंवा समाजशास्त्र निवडतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो रास्तच आहे. बाबासाहेबांनीही पोटापाण्यासाठी प्राध्यापकी आणि वकिली केली. परंतु चार अभ्यासक्रमांतून मिळालेली दृष्टी त्यांना न्यायालयात, समितीत, विधिमंडळात आणि संसदेत उपयोगी पडली. समोरची रूढी कोठून आली, तिने कोणाचा लाभ होतो आणि ती कशाच्या आधारावर टिकते, हे तीन प्रश्न ते प्रत्येक ठिकाणी विचारीत राहिले.

हे प्रश्न गोव्यातही विचारता येतात. येथे जुन्या पोर्तुगीज संहितेमुळे सर्वांना समान विवाह कायदा आहे आणि भिन्न जातींच्या विवाहाला त्यात आडकाठी नाही. धर्म बदलल्यावरही बामण आणि चारडी हे भेद ख्रिस्ती समाजात शतकानुशतके टिकले. म्हणजे जात ग्रंथावर कमी आणि सोयरिकीवर अधिक उभी असते, या बाबासाहेबांच्या निष्कर्षाला आपल्या भूमीनेही पुष्टी दिली आहे. रविवारच्या वृत्तपत्रातील वधू-वर पाहिजेतचे रकाने आजही जातीनिहाय लावलेले असतात. कोलंबियातील त्या निबंधाची तपासणी कोणाला करायची असेल, तर ती तेथूनच सुरू करता येईल.